दुसरं बोलावणं

आमच्याकडे जेवणाचं निमंत्रण दोनदा येतं. पहिलं आवतण. आदल्या दिवशी किंवा सकाळी कोणीतरी दारात येऊन ते देऊन जातं. त्याला हो म्हणायचं, पण तेवढ्यावर घरातून निघायचं नाही. स्वयंपाक झाला, पानं मांडली, की त्या घरचं माणूस पुन्हा येतं आणि म्हणतं, चला, पानं वाढली. ते बोलावणं. त्यावर निघायचं. नुसत्या आवतणावर जाऊन बसणारा हावरट ठरतो. आणि बोलावणं आलंच नाही, तर आवतण तोंडदेखलं होतं असं समजायचं. माझी सासू एकदा समोरच्याच घरचं बोलावणं येईल म्हणून जरीचं लुगडं नेसून ओट्यावर बसून राहिली होती. समोर पंगती उठत होत्या, तिला दिसत होत्या. शेवटी तिनं घरात येऊन पिठलं टाकलं. त्या घरचं नंतर तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

मी त्या सासूची धाकटी सून. रीत मला चांगली ठाऊक आहे.

यंदा महालक्ष्म्यांचं आवतण मला मोबाइलवर आलं. तेही एकटीला नाही, घराण्याच्या ग्रुपवर सगळ्यांना मिळून. वर देवीचं चित्र, खाली 'उद्या सायंकाळी महाप्रसादास सर्वांनी यावे'. पाठवणारी माझ्या जावेची सून. त्याखाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. मी काही टाकलं नाही. मी मनाशी एवढंच ठरवलं की बोलावणं आलं तर जाईन. जाऊबाईकडून आलं तर. नाही आलं, तर त्या घराचा उंबरा मला संपला.

हे ठरवण्यामागे वर्षभराचा राग होता. तो सांगते.

आमचं माहेर-सासर दोन्ही विणकरांचं. माझ्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत सासऱ्यांचे माग बंद पडले. नवरा लवकर गेला. मुलगा लहान होता. मी साड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन एसटीनं खापरखेड्याच्या कॉलनीत जायला लागले. पॉवर स्टेशनवरच्या लोकांच्या बायका दुपारी मोकळ्या असत. त्यांच्या दारात बसून मी भाव करायला शिकले. गिऱ्हाइकानं साडीवर हात फिरवला की ती घेणार, आणि पदर उलटून मागचे धागे पाहिले की ती नुसतीच बोलणार, हे मला तेव्हापासून कळतं. आज नागपुरात इतवारीत गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान आहे, आणि नंदनवनातलं दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे. यात सासरचा हात नाही.

पण महालक्ष्म्या थोरल्याकडे. ती रीत आहे, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. ज्येष्ठा आणि कनिष्ठा थोरल्या जावेच्या घरी बसायच्या आणि त्यांच्या अंगावरच्या दोन्ही साड्या माझ्याकडून जायच्या. मला कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. दुकान टाकलं त्या वर्षी मी नेल्या, जाऊबाईनं घेतल्या, तेव्हापासून तसंच चालत आलं. मी सबंध श्रावण त्या दोन साड्या शोधण्यात घालवायचे. काठ सारखे हवेत, रंग वेगळे हवेत, आणि निऱ्या बसायला पोत मऊ हवा. व्यापाऱ्याशी इतकं भांडायचे की तो म्हणायचा, बाई, तुम्ही देवीसाठी घेता की कोर्टासाठी.

गेल्या वर्षी मी साड्या घेऊन गेले, तर दोघी नेसून बसलेल्या. चकचकीत, प्लास्टिकसारख्या चमकीच्या साड्या, ऑनलाइन मागवलेल्या. निऱ्यांना टाचण्या टोचलेल्या. मी पिशवी हातात धरून उभी राहिले. जाऊबाईनं पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठेव वं, पुढच्या वर्षी कामात येतीन." मी ठेवल्या नाहीत. जेवले, पण साड्या परत आणल्या. विकायला लावल्या नाहीत. देवीसाठी घेतलेली साडी गिऱ्हाइकाच्या अंगावर घालायची माझी हिंमत नाही.

तिनं मला एका शब्दानं काही सांगितलं नाही, हे मला लागलं. वर्षभर लागत राहिलं. दुकानात मी गिऱ्हाइकांवर खेकसायचे आणि घरी आले की भिंतींशी बोलायचे. एकटं माणूस भिंतींशी बोलतं ते पुन्हा पुन्हा तेच बोलतं, कारण भिंत मध्येच दुसरा विषय काढत नाही. मुलगा हैदराबादला आहे. तो रविवारी फोन करतो. त्याला मी दोन-तीनदा सांगितलं, तर तो म्हणाला, आई, साड्याच आहेत ना. मग त्याला सांगणं सोडलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी मी उठले आणि पिशव्या घेऊन कॉटन मार्केटला गेले. काहून गेले, ते तिथे पोचेपर्यंत मला कळलं नव्हतं. सोळा भाज्यांची भाजी लागते त्या दिवशी. त्या भाज्या दरवर्षी मी आणून जावेकडे टाकायचे, कारण आमच्या घराण्यात माझ्यासारखा भाव कोणाला जमत नाही. पाय सवयीनं गेले. पडवळ, दोडकं, ढेमसं, बरबटी, धोप्याची पानं, कोहळ्याची फोड. त्या दिवशी मार्केटात भाव चढलेले असतात आणि सगळ्या बाया गरजू तोंडानं उभ्या असतात. गरजू तोंड दाखवलं की संपलं. मी पडवळवालीशी नेहमीसारखी भांडले. ती म्हणाली, "मावशी, वर्षाच्या दिवशी तरी पोट मारू नको." मी म्हटलं, "वर्षाच्या दिवशीच तुझं पोट सुटते, म्हणून पाहून राहिली." ती हसली, मी पिशवी उचलून चालायला लागले, तिनं हाक मारली. वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मिरच्या टाकल्या. फुकटचा सांबार पिशवीत पडला की मला अजूनही बरं वाटतं. त्या सगळ्या दिवसात तेवढंच बरं वाटलं.

ऑटोत बसल्यावर लक्षात आलं की भाज्या कोणासाठी घेतल्या. ऑटोवाल्यानं विचारलं, महालला ना? दरवर्षी मी तिथेच, जावेच्या घरी, जाते असं त्यालाही ठाऊक असावं, किंवा त्या दिवशी पिशव्यावाल्या सगळ्या बाया तिकडेच जात असाव्यात. मी म्हटलं, नंदनवन.

घरी आले आणि भाज्या ओट्यावर पसरल्या. सोळा प्रकार, एका माणसाच्या ओट्यावर. नळ टपकत होता. तो कित्येक दिवसांपासून टपकतो. प्लंबर सांगतो तो भाव मी देत नाही आणि मी सांगते त्यात तो येत नाही. खाली ठेवलेली वाटी भरते, मी ती कुंडीत ओतते. मग आठवलं की दाराची बेलही बंद आहे. तिचंही तसंच, इलेक्ट्रिशियनशी जमलं नव्हतं. आणि आज कोणी बोलवायला आलं तर ते दारात उभं राहून मेलेली बेल दाबणार, कोणी उघडत नाही म्हणून परत जाणार, आणि तिकडे जाऊन सांगणार की काकू घरी नव्हत्या. म्हणून मी दार सताड उघडं ठेवलं.

उघड्या दारातून काय काय येतं ते त्या दिवशी पाहिलं. आधी मांजर आली. मग पाण्याच्या फिल्टरवाला आला. त्याला मी हवी तेवढी माहिती सांगू दिली, कारण कोणी बोलत होतं. शेवटी तो आशेनं पावतीपुस्तक काढायला लागला तेव्हा त्याला घालवला. मग समोरची शेजारीण डोकावली. दार उघडं कसं, बरं आहे ना, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, हवा खेळावी म्हणून. भादव्यात नागपुरात हवा कुठून खेळते? ती गेली आणि अर्ध्या तासानं चहा घेऊन आली. नैवेद्य होईपर्यंत मी काही घेत नाही, म्हणून तो तसाच झाकून ठेवला.

दुपारभर मी भाज्या चिरत बसले. चिरायचं काही कारण नव्हतं, पण भाज्या सुकायला लागल्या होत्या आणि मला सुकलेला माल पाहवत नाही. चिरता चिरता हिशेब मांडत होते की आता तिकडे पुरण वाटत असतील, आता फुलोरा बांधत असतील, आता जाऊबाई मोठ्यानं ओरडत असेल की कढीत पडवळ कोणी इतकं जाड चिरलं. पडवळ चिरायचं माझं काम असायचं. भाजी फोडणीला टाकली. घरभर वास सुटला, आणि तो वास माझ्या घराला शोभत नव्हता. इतक्या मोठ्या भाजीच्या वासाला माणसं लागतात.

दिवेलागण झाली. दार उघडंच. आता कोणी येणार नाही हे मला कळत होतं, तरी मी साडी बदलली. आणि फोन वाजला.

जावेची सून होती. "काकू, निघाल्या का तुम्ही? आरती झाली, पानं मांडून राहिलो आम्ही."

मी विचारलं, "तुझ्या सासूनं सांगितलं का फोन कर म्हणून?"

ती पोरगी अडखळली. आई स्वयंपाकघरात आहेत, असं काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, त्यांना दे फोन. ती म्हणाली, आई नैवेद्याचं वाढून राहिल्या, फोनला हात लावत नाहीत. मी म्हटलं, मग तुझ्याच तोंडून येऊ दे, पण सांगितलं का नाही तेवढं सांग. आणि तेवढ्यात मागून जावेचा आवाज आला. चांगला खणखणीत, मला ऐकू जावा म्हणूनच काढलेला.

"तिले म्हणा, यायचं असन तं ये. देवीच्या दारात भाव नको करू म्हणा."

मी फोन ठेवला.

इतक्या वर्षांत लोकांनी मला पुष्कळ काही म्हटलं आहे. कंजूष, तोंडाळ, नवरा गेल्यावर हिला शिंगं फुटली. त्यातलं काही खरंही असेल. पण देवीच्या बाबतीत मी भाव केला तो व्यापाऱ्याशी. देवीशी नाही, त्या घराशी नाही. मी गॅस बंद केला, चपला घातल्या, आणि निघाले. जेवायला नाही, उत्तर द्यायला. ऑटोवाल्यानं सांगितला त्या भावात मी बसले, कारण माझं सगळं भांडण मला महालपर्यंत शाबूत न्यायचं होतं. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. पहिलं वाक्य कोणतं, त्यावर ती काय म्हणेल, त्यावर मी काय. भाव करताना मी अशीच तयारी करते.

गणपती पाहणाऱ्यांच्या गर्दीत ऑटो दीड-दोन तास अडकला. त्यांच्या गल्लीत पोचले तेव्हा पंगती संपलेल्या होत्या. दारासमोर चपलांची गर्दी नव्हती. वरच्या मजल्यावरच्या दिव्यांच्या माळा लुकलुकत होत्या. ते घर आता सगळं नवं आहे, सिमेंटचं. जिथे माग होते तिथे आता गाडी उभी राहते. गाडीच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर माझे भासरे बसले होते. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्यात भासरा आणि धाकटी भावजय एकमेकांशी समोरासमोर बोलत नाहीत. मी त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर कधी खाली येऊ दिलेला नाही आणि त्यांनी मला कधी थेट काही म्हटलेलं नाही. मला काही सांगायचं तर ते भिंतीकडे तोंड करून बायकोला सांगायचे, आणि मी तिथेच उभी राहून ऐकायचे. नवरा गेला तेव्हासुद्धा त्यांनी जे काही सांगितलं ते जावेच्या तोंडून.

मी पदर घेतला आणि बाजूनं आत जायला लागले.

"ये," ते म्हणाले. "आम्ही जेवलो नाही अजून."

मी आधी मागे पाहिलं, दुसरं कोणी आलं का म्हणून. गल्लीत कोणी नव्हतं. ते माझ्याकडेच पाहत होते. खूप म्हातारे झाले होते. वर्षभरात मी त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, खरं तर आधीही कधी नाही. गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि माझ्यापुढे चालायला लागले. रस्ताभर जुळवलेलं माझं पहिलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे.

आत हॉलमध्ये महालक्ष्म्या बसल्या होत्या. यंदाही ऑनलाइनच्याच साड्या. मी नमस्कार केला, पण साड्यांकडे पुन्हा पाहिलं नाही. स्वयंपाकघरात जाऊबाई एकटी होती. खाली तीन पानं मांडलेली, केळीची, पाणी शिंपडून ठेवलेली. तिनं मला पाहिलं आणि आंबिलीचं पातेलं पुढे ओढलं.

माझा राग परत आला. मी म्हटलं, "बाई, भाव कोण करते? मी का तुम्ही?"

तिनं हात वर केला. बंद असलेल्या बेडरूमच्या दाराकडे बोट दाखवलं. "हळू बोल वं. सून झोपली. सकाळी मिहानमध्ये ड्यूटी आहे तिची. दोन दिवस राबली पोरगी."

जाऊबाईला हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. या घरात तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. सासू होती तेव्हाही जायचा.

भासरे पानावर बसले. मी बसले. तिनं वाढलं, मला आधी, मग नवऱ्याला, मग स्वतःला. आम्ही खात होतो. पुरण गोड जास्त झालं होतं. ते मी म्हटलं नाही, पण तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं.

"गूळ तिनं टाकला," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "साड्या बी तिनंच आणल्या. गेल्या वर्षी, यंदा बी. मी म्हटलं तिले, काकूकडून येतात आपल्याकडे. तर म्हणे, आई, आता हे जुनं झालं."

"मग मले सांगायचं ना," मी म्हटलं. "एका शब्दानं सांगायचं."

"काय सांगू?" तिनं पानाकडे पाहत विचारलं. "या घरात आता माझं चालत नाही, हे सांगू? तुले?"

भासरे वाटीतली कढी पीत होते. त्यांनी वाटी खाली ठेवली नाही, तोंडालाच धरून ठेवली.

दुकानात कोणी मला असं उत्तर दिलं असतं तर मी ताबडतोब ओळखलं असतं की खरं बोलतंय, कारण खरं बोलणारा माणूस भावात उतरायची घाई करत नाही. तिनं वर्षभर माझा राग सोसला. मी चिडते हे तिला माहीत होतं, लोकांत काय बोलते हेही तिच्यापर्यंत गेलं असणार. पण माझ्यासमोर लहान होण्यापेक्षा माझ्या नजरेत वाईट होणं तिला परवडलं. आणि फोनवरचा तो टोमणाही मला आता वेगळा ऐकू आला. सुनेच्या समोर तिला निदान धाकट्या जावेवर तरी ओरडता आलं पाहिजे ना.

माझा राग असा एका जेवणानं जाणारा नव्हता. मी माल तोट्यात काढत नाही, रागही नाही. वर्षभर जपलेली गोष्ट, ती कोणावर धरायची तेच आता कळेनासं झालं. सुनेवर धरावी तर ती पोरगी दोन दिवस राबून बंद दाराआड झोपलेली, सकाळी तिला पुन्हा कामावर जायचं.

"आंबील घे अजून," जाऊबाई म्हणाली. मी घेतली. आंबील तिनं केलेली होती, ते पहिल्या घोटातच कळलं होतं.

जेवण झाल्यावर भासरे उठले, हात धुतले, आणि दारापाशी थांबून पुन्हा माझ्याशीच बोलले. आपला मुलगा वरून खाली आला की तो तुला घरी सोडेल, असं म्हणाले. मी पदराआडून हो म्हटलं. ते आपल्या खोलीत गेले.

नैवेद्याची पितळी भांडी कामवालीकडे टाकायची नाहीत, ही आमच्या सासूची शिस्त. मी पदर खोचून मोरीत बसले, जाऊबाई शेजारी पाटावर बसली. ती चिंच आणि राख लावून द्यायची, मी धुवायचे. लग्न होऊन आले त्या वर्षीही आम्ही अशाच बसायचो. तेव्हा आमच्या भांड्यांचा आणि तोंडांचा इतका आवाज व्हायचा की सासरे मागावरून ओरडायचे.

मी पातेलं फरशीवर टेकवलं, तर ते वाजलं. जाऊबाईनं पटकन त्याखाली हात घातला.

"हळू," ती म्हणाली. आणि आपल्या पदराची घडी करून तिनं ती फरशीवर पसरली. मग मी एकेक भांडं धुऊन त्या पदरावर ठेवत गेले, आणि ती ते अजिबात आवाज न करता पुसत गेली.